व्हेनिस राहून गेलं

रहिमतपूरच्या नाथाजी कदमांना इटली बघायची हौस नव्हती. लंडनला नोकरी करणाऱ्या नातवानं, ऋषिराजनं, परस्पर तिकिटं काढली. तीस वर्षं एसटी चालवलेला हा माणूस ऐंशीव्या वर्षी इंग्रज प्रवाशांच्या बसमध्ये खिडकीशी बसला आणि रोमचे भग्न खांब, पिसाचा कललेला मनोरा, फ्लॉरेन्सचे पुतळे मुकाट बघत राहिला. गाइड बाई इंग्रजीत सांगायची, ऋषिराज मराठीत. लोक फोटो काढायचे. नाथाजी द्राक्षांचे मळे दिसले की मान वळवायचे.

घरात इटलीचं नाव कुणी काढत नसे. वडील हंबीरराव दुसऱ्या महायुद्धात पलटणीबरोबर तिकडं गेले, तेव्हा नाथाजी आईच्या पोटात होते आणि थोरली बहीण मनुबाई तीन वर्षांची. पुढं 'बेपत्ता' एवढाच कागद आला. मग लढाईवरून परतलेल्या कुणीतरी गावात सांगितलं, की हंबीररावानं तिथल्या बाईशी घरोबा केलाय, द्राक्षं लावलीत. आईनं ते खरं मानलं आणि मरेपर्यंत रागानं कुंकू लावलं. मनुबाई तर आईच्या वरताण. कडेगावला सासरी नांदतानाही बापाला शिव्या घातल्याशिवाय तिचा दिवस सरत नसे.

व्हेनिसला सगळी मंडळी होड्यांत बसायला गेली, तेव्हा ऋषिराजनं आजोबांना रेल्वेत बसवलं. दोन तासांवरच्या एका साध्या गावात उतरल्यावर तो म्हणाला, लढाईत पडलेल्यांच्या यादीत एक नाव सापडलंय, पण डोळ्यांनी बघितल्याशिवाय बोलायचं नव्हतं.

तिथल्या लष्करी दफनभूमीत कापलेलं गवत होतं आणि एकही पर्यटक नव्हता. ज्यांना अग्नी दिला त्या शिपायांची नावं दगडावर कोरलेली. ऋषिराजनं बोट ठेवून वाचलं, हंबीरराव कदम. यादीत गाव रहिमतपूर होतं, बायकोचं नाव होतं, तारीख डिसेंबर १९४४ची. मेल्याचा दुसरा कागद घरी आलाच नाही, की आला आणि कुणाला वाचता आला नाही, हे आता कळायला मार्ग नव्हता.

नाथाजींनी बूट काढले. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. दगडावरचा बाप पंचविशीतला होता, शेजारी उभ्या नातवाहून लहान.

परतल्यावर कडेगावला जायला त्यांनी महिना लावला. मनुबाई खाटेवर पडून होती. ते उशाशी बसले.

"आक्का, आपलं वडील तितंच पडलं. लढाईत. बाई न्हवती, मळा न्हवता."

तिनं साल विचारलं. त्यांनी सांगितलं.

"मी चार वर्साची हुती तवा."

"व्हय."

"मंजी जगला आसता तर आला आसता."

नाथाजींनी मान हलवली.

"आन मी जल्मभर त्याच्या नावानं बोटं मोडली," ती म्हणाली आणि तिनं भिंतीकडं तोंड केलं.

त्यानंतर ती कुणाशी फारसं बोलली नाही. तिची सून नाथाजींना फोनवर म्हणाली, "मामा, भांडत हुत्या तवा बऱ्या हुत्या." दिवाळी झाल्यावर पंधरा दिवसांत मनुबाई गेली.

नाथाजी तिच्या दहाव्याला जाऊन आले. लंडनहून ऋषिराजचा फोन आला. त्यानं विचारलं, आत्याआजीला ऐकून बरं वाटलं होतं का. पोरानं एवढा शोध घेतला होता. नाथाजी व्हय म्हणाले.