गेरूचा आकडा

त्या दिवशी मी अलिबागला सत्काराची शाल घ्यायला गेले होते, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कुणी म्हणायला नको की मनुबाईने आपली लाज झाकली. एकोणसाठ सालचा जानेवारी महिना. दारूबंदी आणि लोकांचं आरोग्य या विषयावर डॉक्टरांची मोठी परिषद एका शाळेच्या हॉलमध्ये भरली होती. मुंबई-पुण्याचे डॉक्टर, प्रोफेसर, दारूबंदीचे साहेब, झाडून सगळे हजर. आणि शेवटच्या रांगेत मी, मुरुडकडच्या दवाखान्यातली नर्स, नवंकोरं पातळ नेसून बसलेली.

आमचे डॉक्टर शिवदास दिघे तिथे निबंध वाचणार होते. खारवाडी नावाची कोळ्यांची वाडी आहे, साळावपासून दोन कोसांवर. तिथे कोण किती पितं, काय पितं, घरात गाळतात का, याचा अभ्यास. अभ्यास डॉक्टरांचा, तंगडतोड माझी. दारूबंदी येऊन नऊ वर्षं होऊन गेली होती, तेव्हा सरकारी कागदावर कुणीच पीत नव्हतं. पुरुषांना विचारावं तर तोंडाचा भपकारा येत असताना म्हणायचे, आम्ही शिवत न्हाय. म्हणून मी बायकांना गाठलं. वाडीतली निम्मी पोरं माझ्या हातावर जन्मलेली. चुलीपाशी बसून, सुकट निवडता निवडता त्यांनी मला सगळं सांगितलं. कुणाचं नाव कागदावर चढणार नाही, अशी मी गळ्याला हात लावून शपथ घेतली होती.

त्यातली केसर माझ्या फार मनात बसली. वय असेल चोवीस-पंचवीस, अंगावर पितं पोर. नवरा सदू होडीवर जायचा आणि पगार हातात पडला की तीन दिवस शुद्धीवर नसायचा. आदल्या पावसाळ्यात त्याने कुठेतरी लाकडाला लावायच्या पॉलिशची दारू ढोसली आणि दोन दिवस त्याला दिसेना. दिसायला लागलं ते नशीब. तेव्हापासून केसर स्वतःच घरामागे काळा गूळ कुजवून गाळायला लागली. मला तिने ते मडकं उघडून दाखवलं.

"भायेरची पितो तर डोळं जातील, बाई. म्हनून मीच गाळते नि मीच वाढते. पाप लागंल तर लागू दे," ती म्हणाली.

मी तेही लिहून घेतलं. नाव न घालता.

तर डॉक्टर दिघे उभे राहिले. आवाज खणखणीत, इंग्रजी झकास. मग शिपायाने भिंतीवर एक मोठा तक्ता टांगला. वर ठळक अक्षरात खारवाडी, खाली रकाने: घर क्रमांक, पिणारे किती, घरी गाळतात की बाहेरून आणतात. लोक माना डोलवत होते. एक पुण्याचे प्रोफेसर तर उठून म्हणाले की इतकी खरी माहिती आजवर कुणी गोळा केलेली नाही. मी आपली फुगले. का नाही फुगणार? उन्हातान्हात वहाणा माझ्या झिजल्या होत्या.

माझ्या पुढच्या रांगेत दारूबंदीचे एक साहेब बसले होते. ते मान खाली घालून डायरीत काही उतरवत होते. मला वाटलं, वा, साहेबसुद्धा अभ्यासू दिसतात. जरा वाकून पाहिलं. त्यांनी तक्त्यातला एकच रकाना उतरवला होता. जिथे जिथे घरी गाळतात, त्या घरांचे क्रमांक. सात, बारा, एकोणीस, एकतीस.

मी मान वर करून तक्ता पुन्हा वाचला.

ते आकडे माझे नव्हते. मलेरियावाले डी.डी.टी. फवारायला आले तेव्हा त्यांनी वाडीतल्या दर दारावर गेरूने नंबर घातला होता. मला दुसऱ्या फेरीला त्याच घरी परत जायचं होतं, म्हणून काहीतरी खूण हवी होती. नाव लिहायचं नव्हतं. तेव्हा मी म्हटलं, हे तर आयतं झालं. दारावर बघायचं आणि कागदावर घालायचं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ना, ती मी. डॉक्टर बिचारे समजत होते की मी आपल्या मनाने एक-दोन-तीन घातलेत. त्यांनी वाडीत कधी पाऊल टाकलेलं नव्हतं. आता कुणीही खारवाडीत जावं, दारं वाचत चालावं आणि एकतीस दिसलं की आत शिरावं. शपथ म्हणे!

चहाच्या सुट्टीत मी डॉक्टरांना खांबाआड ओढलं आणि सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. माणूस वाईट नव्हता, पण कणा मऊ. ते साहेबांकडे गेले, हात चोळत म्हणाले की ही माहिती अभ्यासापुरती आहे, गुप्त आहे. साहेब हसले आणि म्हणाले की डॉक्टर, दोनशे माणसांपुढे टांगलेलं गुप्त कसलं. मग त्यांनी ड्रायव्हरला हाक मारून जेवण उरकायला सांगितलं. रेवदंड्याला खाडी आडवी, पूल नाही, तेव्हा जीपला रोह्यावरून फेरा पडणार. संध्याकाळच्या आत खारवाडी गाठायची, असं ते बोलले, आणि मी ते नीट ऐकलं.

डॉक्टर म्हणाले, आता काय करणार, मनुबाई, तुम्ही बसा, दोन वाजता तुमचा सत्कार आहे. अध्यक्षांच्या हस्ते शाल आणि नारळ. खरी माहिती आणणारी परिचारिका म्हणून.

मला असा संताप आला की काय सांगू. डॉक्टरांचा, साहेबांचा आणि सगळ्यात जास्त माझा.

"ती शाल त्या तक्त्यावर पांघरा," मी म्हटलं, आणि पिशवी उचलून निघाले.

एस.टी. स्टँडवर रेवदंड्याची गाडी उभी होती, पण कंडक्टर पान खात होता. मी त्याला बोलून बोलून गाडीत चढवला. नागाव आलं, चौल आलं, दर थांब्यावर कुणी कोंबड्या चढवतंय, कुणी पेंढ्याचा भारा. मी मनातल्या मनात जीप मोजत होते: आता पेण रस्त्याला लागली असेल, आता नागोठणं, आता रोहा. बाजूच्या म्हातारीने विचारलं की घरी कुणी आजारी आहे का. मी हो म्हटलं.

रेवदंड्याला ओहोटी लागलेली. होडी पलीकडच्या काठाला. अब्दुस्समद तांडेल तिथे तरीची होडी चालवायचा, त्याच्या बायकोचं बाळंतपण मीच केलेलं. त्याला काठावरून हाका मारमारून माझा घसा बसला. तो आला, पण म्हणाला की पाणी उतरलंय, चिखलातून चालावं लागेल, भरतीला थांबा. मी काही थांबले नाही. नवं पातळ गुडघ्याच्या वर खोचलं आणि चिखलात उतरले. एक वहाण तिथेच रुतली, ती अजून तिथेच असेल; दुसरी मी फेकून दिली. पलीकडे साळावला गाडी नव्हती. दोन कोस चालले, निम्मे पळाले. पन्नाशीच्या उंबरठ्यावरची बाई अनवाणी पळते म्हणून रस्त्यावरचे लोक बाजूला होत होते.

वाडीत शिरले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. जीप कुठे दिसली नाही. पहिलं घर ठमाबाईचं. ती वाडीतली सगळ्यात जुनी बाई, अंगणात जाळं तुणत बसली होती. मी धापा टाकत तिच्या दाराकडे पाहिलं. नंबर नव्हता. चौकटीवर शेणाने स्वच्छ सारवलेलं. शेजारचं दार पाहिलं, तिथेही नाही. सगळी ओळ मी पाहत गेले. गेरूचा ठिपका म्हणून कुठे नाही.

मी ठमाबाईसमोर मटकन बसले आणि काय झालं ते भडाभडा सांगितलं. तिने जाळ्यातली सुई थांबवलीसुद्धा नाही.

"बाय, तुमी दर टायमाला वर दाराकडं बघत व्हता नि मंग लिवत व्हता. पोलीसपन तसंच लिवतो. तुमी गेलाव त्याच सांच्याला आमी पुसून टाकला."

मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याच क्षणी चपराक बसल्यासारखंही. म्हणजे यांनी मला सगळं खरं सांगितलं होतं आणि तरी माझ्यावर विश्वास ठेवला नव्हता. मी तिला तसं बोलूनही दाखवलं. ती म्हणाली की सांगायला कुनीतरी हवं व्हतं, म्हनून सांगितलं. मग तिने सुई खाली ठेवली आणि म्हणाली, केसरचा तेवढा ऱ्हायला. तिला सांगून पायलं. ती म्हनली, बाईंनी गळ्याला हात लावलाय.

मी उठून धावले. वाडीच्या टोकाला केसरचं घर. चौकटीवर एकतीस, कालच घातल्यासारखं लालभडक. साऱ्या वाडीत तेवढा एकच आकडा. मी थुंकी लावून पदराने घासायला लागले. गेरू पसरला पण जाईना. केसर पोराला कडेवर घेऊन बाहेर आली आणि हसून म्हणाली, हे काय करता बाई? मी घासता घासताच तिला सांगितलं. तिचं हसू कसं गेलं ते मी पाहिलं नाही, मी दाराकडे तोंड करून होते. जरा वेळाने तिने मला हाताने बाजूला केलं आणि शेणाचा गोळा चौकटीवर थापला. मग ती घरामागे गेली. मडकं उचललं, खाडीच्या काठाला नेलं आणि दगडावर आपटलं.

जीप आली ती दिवेलागणीच्या जरा आधी. साहेब डायरी उघडून दारं पाहत हिंडले. पोरंटोरं त्यांच्या मागे. दोन-तीन घरांत शिरले, मडकी हुंगली, त्यांत कोलीम निघालं, बारीक कोळंबी. मला बघून ते चमकले. एकतीस नंबर कुठला, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मलेरियावाल्यांना विचारा, मी बाळंतपणं करते. त्यांनी माझ्या चिखलाच्या पायांकडे पाहिलं, डायरी मिटली आणि निघून गेले.

वाडी वाचली. कुणाला बेड्या पडल्या नाहीत. गोष्ट इथे संपली असती तर मी ती मिरवत सांगितली असती.

पुढच्या वर्षी परिषद पुण्याला होती. डॉक्टरांना खारवाडीची दुसरी फेरी हवी होती, वर्षात काय फरक पडला ते दाखवायला. मी जाणार नव्हते. पण मग दुसरं कुणी गेलं असतं, म्हणून गेले. या खेपेला आकडे माझ्याच मनाचे घातले, उलटेसुलटे. त्याचा काही उपयोग नव्हता. दर घरात एकच उत्तर, न्हाय, आणि तेही उंबऱ्याबाहेर उभं ठेवून.

केसरच्या ओटीवर सदू बसला होता. माझी चाहूल लागताच त्याने मान वळवली, पण माझ्या बाजूला नाही, भलत्याच बाजूला. डोळे उघडे होते. मी समोर हात हलवला तरी पापणी लवली नाही.

केसर आतून आली आणि दारात उभी राहिली. मी कागद काढला.

"नवरा दारू पितो?" मी विचारलं.

"न्हाय."

"घरात गाळता?"

"न्हाय. तुमी सांगितल्यापास्नं न्हाय."

"डोळे कशाने गेले?"

तिने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. रडेल असं वाटलं, शिव्या देईल असंही वाटलं. मला त्या शिव्या हव्या होत्या.

"तापानं," ती म्हणाली. "लिवा."

मी ताप असं लिहिलं. पुण्याला डॉक्टरांनी सांगितलं की खारवाडीत घरी गाळणारं आता एकही घर नाही, आणि मोठ्या टाळ्या झाल्या, असं मला नंतर कळलं.