फेट्यानंतरची चिठ्ठी

आमच्या हौशी कबड्डी पंच मंडळात पंचवीस वर्षं शिट्टी वाजवली की माणसाचा सत्कार होतो. शाल, नारळ, फेटा आणि एक फोटो. हे सगळं आम्ही अंतिम सामन्याआधी मैदानावरच उरकतो, कारण तेव्हा गर्दी आयती मिळते. मी मंडळाचा चिटणीस. गेल्या बारा वर्षांत आम्ही पाच जणांना फेटे बांधले, आणि पाचही जण त्यानंतर पुन्हा पंच म्हणून मैदानावर दिसले नाहीत.

ही गोष्ट माझ्याआधी सिरसाळ्याच्या कारभारीअण्णांच्या लक्षात आली. अण्णा पोस्टमन. सुट्टीच्या दिवशी पंच, तेही सव्वीस वर्षं. गुरुवारी मधल्या सुट्टीत ते माझ्या शाळेत आले आणि टेबलावर एक पाकीट ठेवलं.

"मास्तर, ह्याच्यावर तिकीट कावून न्हाई?"

"अध्यक्षांनी माणसाहाती पाठवलं, अण्णा. मान म्हणून."

"तीस वर्षं दुसऱ्याची पाकिटं वाटायलो. ज्याला नुसतं कळवायचंय तो तिकीट लावतो. ज्याला काही गळ्यात घालायचंय तो माणूस पाठवतो."

पाकिटात रविवारच्या सत्काराचं निमंत्रण होतं. ठिकाण तेलगाव, अंतिम सामना तेलगाव विरुद्ध उमापूर, आणि आमचे अध्यक्ष सुग्रीवराव तेलगावचेच. अण्णांनी हिशोब मांडूनच आणला होता.

"गेल्या साली मी त्यांच्या पुतण्याला बाद दिलतं. औंदा फायनलला मी नको, म्हणून हा फेटा."

"सत्कार झाला की पंचगिरी बंद, असा कुठं नियम आहे?"

"नियम न्हाई. पर बंकट कुठं हाय? फेटा बांधल्यापासून दिसला का तुमाला? नावं कोण कापतंय, ते रजिस्टर दाखवा."

मी रजिस्टर काढलं. तारीख, गाव, पंच, काम, आला की नाही, आणि शेवटी शेरा. बंकटच्या सत्कारानंतर त्याला चार वेळा बोलावलेलं होतं. पहिला शेरा: रेषेवर काम आलं, न सांगता परत गेले. दुसरा: फोन उचलला नाही. तिसरा: घरी पाहुणे आहेत. चौथा: पाहुणे अजून आहेत.

बाकीच्या चौघांचंही थोड्याफार फरकानं तेच. आमच्यात कुणाचाच कुणावर विश्वास नाही, म्हणून मुख्य पंच कोण आणि रेषापंच कोण, हे सामन्याआधी सगळ्यांसमोर चिठ्ठ्या उचलून ठरतं. मुख्य पंच मध्ये उभा राहून शिट्टी वाजवतो. रेषापंचानं कोपऱ्यात खुर्चीवर बसायचं आणि कुणाचा पाय बाहेर गेला तर हात वर करायचा. एकदा डोक्याला फेटा लागला की कोपऱ्यातली खुर्ची टोचायला लागते, एवढंच त्या पाच पानांत होतं.

अण्णांनी बोट ठेवून पाचही पानं वाचली.

"म्हंजे कुणी कापलंच न्हाई."

"नाही."

ते खूश झाले नाहीत. हातचा एक शत्रू गेला होता. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "हे अक्षर तुमचंच का? पाचही पानांवर?"

"माझंच."

"एकाच शाईत हाय सगळं," एवढं बोलून ते उठले. दारात थांबून म्हणाले, "मार्चात नोकरीतून उतरायलो. शिट्टी बी गेली तर दिवसभर घरी बसून काय करू, मनकर्णाच्या भाजीत मीठ किती पडलं ते बघू? मला रविवारी चिठ्ठी उचलू द्या. नसता फेटा घेत न्हाई."

"उचला की."

"मी समदं तपासून घेईन."

रविवारी सुग्रीवराव अकरा मिनिटं बोलले. त्यातली अण्णांवर साधारण दोन. फेटा बांधणाऱ्याला अण्णांनी कान मोकळे ठेवायला लावले. मनकर्णाकाकू पहिल्या रांगेत होत्या.

"आवो, फोटोत जरा हसा की."

"कोण काढतंय ते बघू दे आधी."

मग चिठ्ठ्या. अण्णांनी स्टीलचा डबा उपडा करून पाहिला, सहाच्या सहा चिठ्ठ्या उघडल्या, मोठ्यानं वाचल्या, पुन्हा घडी घालून आत टाकल्या. पहिली उचलली वनिताताईंनी. आठ वर्षांपूर्वी अण्णांनीच त्यांना पंचगिरी शिकवलेली. त्यांना मुख्य पंच आलं. दुसरी अण्णांनी उचलली. त्यांना रेषा आली.

अण्णांनी चिठ्ठी मागून-पुढून पाहिली. मग त्यांची नजर झाडाखालच्या आपल्या मोटारसायकलीकडं गेली.

सुग्रीवराव लगबगीनं खाली उतरले. "छे, छे. आजच्या दिवशी अण्णा रेषेवर? चिठ्ठ्या पुन्हा टाका मास्तर."

"माझी घ्या सर," वनिताताई म्हणाल्या. "मी बसते रेषेवर. मला काय."

अण्णांचा हात त्या चिठ्ठीकडं निम्मा गेला, हे मी पाहिलं. तिथंच थांबला.

"अध्यक्ष, तुमच्या मेहेरबानीनं मी मधी उभा राहिलो आन् तेलगावला एक गुण जास्त गेला, तर उमापूरवाले काय म्हणतील? आन् न्हाई गेला, तर तुमी काय म्हणताल?"

"अण्णा, तुमी तर देवावर बी संशय घेताल."

"देव चिठ्ठ्या पुन्हा टाका म्हणत न्हाई."

"मग बसताय का घरी चलताय?" मनकर्णाकाकूंनी विचारलं. "काय ते एक सांगा."

अण्णांनी फेटा न मोडता उचलला, काकूंच्या मांडीवर ठेवला, त्यात नारळ ठेवला आणि कोपऱ्याकडं चालू लागले. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "काय अण्णा, प्रमोशन झालं काय?"

"व्हय. तू खाली बस. तुझ्या डोक्यामुळं रेषा दिसंना."

खुर्ची रेषेला चिकटून होती. ती त्यांनी वीतभर मागं ओढली आणि बसले.

दहाव्या मिनिटाला तेलगावच्या चढाईवाल्याचा पाय बाहेर पडला. अध्यक्षांचा पुतण्याच. वनिताताई दुसऱ्या बाजूला बघत होत्या. कोपऱ्यात हात वर गेला. अख्खं तेलगाव ओरडलं. वनिताताई क्षणभर घुटमळल्या, हाताकडं पाहिलं आणि शिट्टी वाजवली. हात अजून वरच होता. सगळ्यांनी पाहिल्याची खात्री झाल्यावरच तो खाली आला.

मध्यंतरात बाकीचे पंच मंडपात चहाला आले. अण्णा उठले नाहीत. मी त्यांचा चहा कोपऱ्यात नेला.

"कुणी पाठवला?"

"मीच आणला."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग चहाकडं, आणि एक घोट घेतला. नजर रेषेवर होती. दुसऱ्या घोटानंतर विचारलं, "पुढची म्याच कुठं?"

"पुढच्या रविवारी. उमापूरला."

"येतो. पर डबा मी घरून आणीन," अण्णा म्हणाले. "चिठ्ठ्या बी."