चार वल्ही, एक लाईन

सूनबाई टेबलाखाली गुडघे टेकून राउटरपासून लॅपटॉपपर्यंतचं अंतर मोजत होती. मोजायला टेप कपड्यांचाच, पिवळा, एका टोकाला झिजलेला. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती कापड बेतायची आणि कापायची, त्यामुळे सुट्टीच्या दिवशीही टेप तिच्या गळ्यातून निघत नसे. भिंतीच्या कडेनं एकशे चार इंच भरले, कपाटाला वळसा घालून आणखी एकतीस. सवयीनं तिनं त्यात शिलाईचे दोन इंच धरले. वायरीला शिवण नसते हे ध्यानात आल्यावर ती एकटीच हसली, आणि उठताना तिचं डोकं टेबलावर दाणकन आपटलं.

"काय पडलं?" शेजारच्या खोलीतून सासऱ्यांचा आवाज आला.

"काही नाही, बाबा. मीच."

"बरं."

घरातलं दिवसभराचं संभाषण साधारण एवढंच असे. भांडण नव्हतं, अढी नव्हती. सासरे म्हणजे देवमाणूस. पंचेचाळीस वर्षं त्यांनी डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं दुरुस्त केली आणि त्या काळात गिऱ्हाइकांशीही गरजेपुरतंच बोलले. घरात दोघांच्याही वाटचं सासूबाई बोलायच्या. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. नवरा बोटीवर इंजिनाकडे, सहा-सहा महिने पाण्यावर. मागे राहिले एक भिडस्त सासरे आणि त्यांच्याहून भिडस्त सून. कोणी आधी तोंड उघडायचं, यातच दिवस मावळायचा.

वायर ओढायचं कारण साधं होतं. आज रविवार, आणि चार वाजता शर्यत होती.

शर्यत खेळातली, पण घाम खरा फुटायचा. खवळलेली नदी, एका होडीत चौघं, चौघांच्या हातात एकेक वल्हं. चौघांनी एका ठेक्यात वल्हं मारलं तर होडी बाणासारखी जाते. एकाचं जरी उशिरा पडलं तरी ती गरकन फिरते आणि खडकावर जाऊन बसते. नवऱ्यानं जाताना "तेवढंच मन रमेल" म्हणून लॅपटॉपवर हा खेळ घालून दिला होता. 'घरातला एक जण बोटीवर आहे तेवढा पुरे नाही का,' असं म्हणत तिनं तो उघडला, आणि चार महिन्यांत तिला त्याचं वेडच लागलं.

खेळ आसपासचे लोक हुडकून आपणच त्यांची मोट बांधायचा. तिथे सगळे टोपणनावानंच खेळायचे. तिच्या होडीत कप्तान होता 'भोपळा'. दुसऱ्या वल्ह्यावर 'सत्तावीस', जो कधी एक अक्षर लिहायचा नाही, नुसता अंगठा दाखवायचा. तिसरी ती, नाव 'कात्री'. आणि शेवटच्या वल्ह्यावर 'उनाड'.

हा उनाड मागच्या गल्लीतला एखादा कॉलेज बुडवणारा पोरगा असावा, अशी तिची खात्री होती. लिहायचा कमी, पण लिहायचा ते झोंबणारं. तिचं वल्हं नेहमी मागे पडायचं म्हणून तो तिला 'कासव' म्हणायचा. ती त्याला 'गाढवा' म्हणायची. घरात 'हो, बाबा' आणि 'बरं, बाबा' एवढ्यावर दिवस काढणारी ही बाई संध्याकाळी सहा ते सात बोटं मोडेपर्यंत टाईप करायची. 'अरे गाढवा, खडक दिसत नाही का, डोळे काय खुंटीला टांगलेत?' त्यावर उनाडचं उत्तर यायचं, 'खडक दिसतो. कासव दिसत नाही. पोचलं का?' ती तोंडावर हात दाबून खुसखुसायची, कारण पलीकडे बाबा बातम्या बघत असायचे. दिवसातून तेवढा एक तास ती पोटभर हसायची.

तोच तास आता जायच्या बेताला आला होता. काल भोपळ्यानं लिहिलं होतं, 'उद्या कात्रीचं नेट अडकलं तर पुढच्या फेरीपासून राखीव खेळाडू घ्यावा लागेल. वाईट वाटून घेऊ नकोस.' वाईट तर वाटलंच.

म्हणून सकाळी तिनं नेटवाल्याला फोन लावला होता.

"ताई, तुमच्या भागात लाईनच बारीक आहे," तो म्हणाला. "पिंग किती दाखवतंय?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही हाक मारली की तिकडून ओ यायला किती वेळ लागतो ते."

"तीनशे."

"अरे बापरे! चाळीस-पन्नास पाहिजे. राउटर कुठे ठेवलाय?"

"लोखंडी कपाटामागे. दिसायला बरं नाही ना ते, म्हणून."

मग एखाद्या डॉक्टरानं पथ्य सांगावं तसं त्यानं सांगितलं. राउटर उंचावर, उघड्यावर ठेवा. हवेतून नेट घेऊ नका, वायर लावा. खेळाचं चित्र कमी बारकाव्याचं ठेवा. आणि घरात आणखी कोण लाईन ओढतंय ते बघा.

"कोण ओढणार? सासरे आहेत, ते टीव्हीवर नेटच्या बातम्या बघतात, तेवढंच."

"ताई, बातम्याच तर खातात सगळं."

घरातली बाकीची यंत्रं एका दाबात थांबवायचं बटण लॅपटॉपवर उघडणाऱ्या राउटरच्या पानावर कुठे असतं, तेही त्यानं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, पण तसं करायचा तिचा धीर नव्हता. म्हाताऱ्या माणसाला दुसरी करमणूक नाही. संध्याकाळी दार लोटून बातम्या मोठ्यानं लावतात आणि चिमट्यानं कसलं तरी जुनं घड्याळ ठोकत बसतात. त्यावर गदा आणायची म्हणजे पापच.

बाकीचं सगळं मात्र तिनं केलं. राउटर स्टुलावर आला. वायर जमिनीवर लोळलेली तिला बघवेना, म्हणून पडद्याची खालची दुमड उसवून तिनं ती आत घातली आणि वरून टीप मारली. शिलाईचे दोन इंच अखेर कामी आले.

चारला शर्यत लागली. पाच होड्या, दोन फेऱ्या, दोन्हींची वेळ मिळून पहिल्या दोन होड्या पुढे जाणार. सुरुवातीला पिंग साठ होतं आणि तिचं वल्हं लोण्यात सुरी जावी तसं पडत होतं. भोपळ्यानं लिहिलं, 'शाब्बास कात्री!' तेवढ्यात शेजारी बातम्यांचा आवाज चढला. साठाचे एकशेवीस झाले आणि बघता बघता दोनशे ऐंशी. होडी फिरली. खडक चुकला, पण पहिली फेरी संपली तेव्हा त्यांची होडी तिसरी होती.

मधे तीन मिनिटांची विश्रांती. भोपळ्यानं नुसतं 'कात्री?' एवढंच लिहिलं. त्यापेक्षा तो रागावला असता तर बरं, असं तिला वाटलं.

'एक तास,' तिनं मनात म्हटलं, 'फक्त एक तास, बाबा,' आणि डोळे मिटून ते बटण दाबलं.

शेजारच्या बातम्या वाक्याच्या मधेच तुटल्या. पिंग घसरत घसरत अडतीसवर येऊन थांबलं. तिला खुर्चीतच नाचावंसं वाटलं.

मग पडद्यावर शेवटचं वल्हं करडं झालं. खाली अक्षरं आली: उनाड, संपर्क तुटला.

'उनाड कुठे गेला?' भोपळा ओरडला, म्हणजे तसं लिहिलं. 'दोन मिनिटं उरलीत!'

'अरे गाढवा, आत्ता कुठे उलथलास?' तिनं टाईप केलं आणि हेडफोन गळ्यात ओढले.

भिंतीपलीकडे खुर्ची सरकली. मग टेबलावर पंजा आपटल्याचा आवाज आला.

"आत्ताच? आत्ताच मरायचं होतं मेल्याला?"

दोन वर्षांत बाबांचा एवढा मोठा आवाज तिनं ऐकला नव्हता. सपाता फटफटत आल्या आणि दारावर टकटक झाली.

बाबा उंबऱ्यात उभे होते. घड्याळजीचं भिंग कपाळावर चढवलेलं, नातवंडाला धरावं तसा टॅब्लेट छातीशी धरलेला, पडदा आतल्या बाजूला.

"सूनबाई, नेट गेलं का गं?"

"हो... म्हणजे..."

"नाही, घाई काही नाही तशी," ते म्हणाले. त्यांची बोटं टॅब्लेटच्या पाठीवर वाजत होती. टक टक, मग जरा थांबून एक ठसठशीत टक. आणि छातीशी धरलेल्या त्या पडद्यातून पाण्याचा खळखळाट येत होता. तिच्या गळ्यातल्या हेडफोनमधूनही अगदी तोच, त्याच नदीचा.

सूनबाईचे कान तापले. गाढवा. डोळे खुंटीला टांगलेत का. तुला कोणी घरात काही शिकवलं नाही का रे. चार महिन्यांत लिहिलेलं एकेक वाक्य तिच्यासमोरून वरातीसारखं वाजतगाजत गेलं. नवऱ्यानं लॅपटॉपवर खेळ घातला तेव्हा टॅब्लेटवरही घातला होता तर. तिला म्हणाला मन रमेल. बाबांना काय म्हणाला कोण जाणे.

एक मिनिट वीस सेकंद उरले होते.

"येतंय, बाबा. आत्ता येईल," ती म्हणाली. "फक्त टीव्हीवरच्या बातम्या बंद ठेवाल का? सगळी लाईन त्याच खातात, असं नेटवाला म्हणत होता."

"बातम्या?" बाबांचा चेहरा असा खुलला की तिला हसू आवरेना. "नकोतच त्या! मी कुठे बघतो..." ते अडखळले. "म्हणजे, रोज तेच ते असतं."

आणि जिन्याच्या दोन पायऱ्या चढताना गुडघे धरणारे बाबा जवळजवळ पळत आपल्या खोलीत गेले.

तिनं ते बटण पुन्हा दाबून सगळ्यांचं नेट सुरू केलं. पिंग वाढलं, पण सत्तरावर थांबलं. शेवटच्या वल्ह्यात रंग भरला.

'आलो,' उनाडनं लिहिलं. 'घरात जरा गडबड होती.'

'तुम्हा पोरांच्या घरी नेहमीच गडबड,' भोपळा म्हणाला. 'चला!'

दुसऱ्या फेरीला तिनं हेडफोन घातलेच नाहीत. बातम्या नसल्यामुळे घर शांत होतं, आणि भिंतीपलीकडून स्वच्छ ऐकू येत होतं: चिमट्याचा टेबलावर पडणारा ठोका. टक टक, टक. चार महिने ती समजत होती की बाबा घड्याळं ठोकतात; ते तर वल्ह्याचा ठेका धरत होते. पडद्याची वाट न बघता तिनं ठोक्यावर वल्हं मारलं. मग पुन्हा मारलं. पाणी उसळत होतं, खडक उजवीकडून डावीकडून निघून जात होते, पिंग मधेच शंभराला टेकून येत होतं, आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. पंचेचाळीस वर्षं घड्याळांचं ऐकलेला कान पलीकडे बसला होता. तो ठोका चुकणार नव्हता.

त्यांनी दोन होड्या मागे टाकल्या. दोन्ही फेऱ्यांची वेळ मिळवली तेव्हा त्यांची होडी दुसरी आली होती, एका वल्ह्याच्या फरकानं. सत्तावीसनं अंगठ्यांची रांगच लावली. 'कात्री, तुझी जागा पक्की,' भोपळ्यानं लिहिलं. 'राखीव-बिखीव विसर.'

उनाडचं उत्तर यायला जरा वेळ लागला. 'आज कासव धावलं.'

तिची बोटं अक्षरांवर थबकली. काय लिहायचं? आभारी आहे, बाबा? चुकलं-माकलं माफ करा? तसं लिहिलं असतं तर उनाड तिथल्या तिथे संपला असता, आणि पुन्हा एक भिडस्त म्हातारा दाराआड जाऊन बसला असता. तिनं लिहून टाकलं,

'तुझ्यामुळे नाही काही, गाढवा.'

भिंतीपलीकडे कोणीतरी मोठ्यानं हसलं. सासूबाई गेल्यापासून या घरात ते हसू वाजलं नव्हतं. सूनबाई लॅपटॉप मिटून तशीच बसून राहिली, आणि डोळ्यांतलं पाणी टेपच्या टोकानंच पुसलं.

चहा झाल्यावर ती टेप घेऊन बाबांच्या दारात उभी राहिली.

"बाबा, तुमच्याकडेही एक वायर ओढते. बातम्या अडकतात ना तुमच्या?"

"फार अडकतात," बाबा गंभीरपणे म्हणाले.

"भिंतीला एक भोक पाडावं लागेल. मी माझ्या खोलीतून ड्रिल लावते. तुम्ही इकडून ठोकून दाखवा, नेमकं कुठे हवं ते."

ती आपल्या खोलीत आली. नवऱ्याचं ड्रिल मशीन हातात घेऊन भिंतीला कान लावून उभी राहिली. जरा वेळ सपातांचा, टेबल सरकवल्याचा आवाज आला. मग ठोका पडला. सवयीचाच तो, दुसरा येणार कुठून?

टक टक, टक.

तिनं पेन्सिलीनं खूण केली. लगेच मशीन लावता आलं असतं. पण तिनं ते खाली ठेवलं, टेबलावरची कात्री उचलली आणि तिच्या मुठीनं खुणेवर ठोकलं. टक टक, टक. मग एक ठोका मुद्दाम उशिरा, जसा तिचा रोज पडायचा तसा.

पलीकडे काहीच आवाज येईना. इतका वेळ येईना, की आपण हे करायला नको होतं असं तिला वाटू लागलं.

मग भिंतीला अगदी चिकटून, हळूच, कोणीतरी विचारलं,

"कासवा?"

सूनबाईनं पदर तोंडावर दाबला आणि सोडून दिला. आता कशाला दाबायचं!

"बाजूला सरका, गाढवा," ती म्हणाली. "भोक पाडतेय."