जुन्या डब्यात नवं विंडोज

पहारीचा पहिलाच घाव स्क्रीनच्या मधोमध बसला. काचेचा चुरा रेश्माच्या केसांत उडाला. दुसऱ्या घावाला स्क्रीन टेबलावरून खाली पडली आणि तिसरा रविराजने पडलेल्या स्क्रीनवर घातला, साप ठेचावा तसा.

"घे तुझा कॉम्प्युटर! कर नोकरी!"

त्याआधी त्याने बायकोच्या थोबाडीत दोन दिल्या होत्या. ओठ फाटून रक्त हनुवटीपर्यंत आलं होतं. कारण एवढंच, की सकाळी कट्ट्यावर कुणीतरी म्हणालं होतं, "रव्या, आता बायकोच्या पगारावर बसून खा." कट्ट्यावर शेळी झालेल्या माणसाला घरीच वाघ होता येतं.

नोकरी अजून लागलीही नव्हती. पुण्याच्या एका ऑफिसचं घरबसल्या टायपिंगचं काम होतं आणि आज दहा वाजता कॅमेऱ्यासमोर रेश्माची परीक्षा होती. त्यांचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवरच चालायचं. हिचा कॉम्प्युटर माहेरून आलेला, बारा वर्षांचा. मोबाईलवर त्याचा फोटो बघून शेवगावच्या कॉम्प्युटरच्या दुकानातल्या हर्षलने आधी हातच जोडले होते.

"वहिनी, हा प्रोसेसर नव्या विंडोजला चालत न्हाई म्हणत्यात. पण वाट काढता येती. जुन्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी घ्या, रॅम जुनी देतो. नव्या मशीनच्या दहाव्या हिश्शात काम हुईल."

पेनड्राइव्हवर विंडोजही त्यानेच भरून दिलं. नवरा रानात असताना दोन दुपारी खपून रेश्माने टेबलाखालचा सीपीयूचा डबा उघडला, धूळ झाडली, रॅम खट्ट वाजेपर्यंत दाबली. सासू, रतनबाई, शेजारी बसून बॅटरीचा उजेड धरत होती.

"आन् ह्यो डबा कशाचा?"

रविराज टेबलाखाली वाकला होता. डब्यावरचा निळा दिवा लुकलुकत होता. रेश्माने बसवलेलं सगळं त्या डब्यात होतं, फुटली होती ती नुसती काच. स्क्रीन म्हणजेच कॉम्प्युटर असं समजणारा रविराज एकटाच नव्हता, निम्मी भावकी तशीच होती. पण आता पहार पुन्हा वर गेली होती.

रतनबाई दारात उभी होती. सहा वर्षं, लेकाचा हात सुटला की ती सूप उचलून परसात जायची आणि घरातला आवाज थांबेपर्यंत तिथेच धान्य पाखडत बसायची. आज ती गेली नाही.

"इन्व्हर्टरचा हाय त्यो," ती म्हणाली. "हात लावू नको, करंट मारल."

रविराजने हात मागे घेतला. घरातली कुठली वायर कुठे जाते, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. पहार भिंतीवर फेकून, जाता जाता रेश्माच्या कमरेत लाथ घालून तो बाहेर पडला. मोटरसायकलचा आवाज पार रस्त्याला लागेपर्यंत दोघी हलल्या नाहीत.

रेश्माला रडू आलं आणि त्याच दमात सासूचा संतापही आला. बोलता येत होतं, तर सहा वर्षं का बोलल्या नाहीत?

"किती वाजलं?" रतनबाईने विचारलं.

"साडेनऊ. आता काय उपयोग, आत्या?"

"टीव्हीला लागत न्हाई का ती स्क्रीनची वायर?"

लागत होती. डबा दोघींनी उचलून टीव्हीपाशी नेला. रेश्माला कमरेतून वाकता येत नव्हतं, म्हणून वायर रतनबाईनेच खोचली. पूर्वी चहा उकळेपर्यंत सुरू न होणारा कॉम्प्युटर अर्ध्या मिनिटात उजळला. टेबलावर सुट्या ठेवलेल्या कॅमेऱ्याला ओरखडाही नव्हता.

दहाला पुण्याहून दिशा नावाची मुलगी पडद्यावर आली.

"नमस्कार, रेश्माताई. तुमचा कॅमेरा सुरू करा, चेहरा दिसायला हवा."

रेश्माने घाईघाईने पदर तोंडाकडे नेला. रतनबाईने तिचं मनगट धरलं.

"पुसू नको."

कॅमेरा सुरू झाला. पलीकडे दिशाचं हसू विरलं.

"अहो, हे काय झालं? पडलात का?"

"हो," रेश्मा म्हणाली. तोंडाला सवयच होती. "न्हाणीत पाय..."

रतनबाई तिच्या शेजारी येऊन बसली. आयुष्यात पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर आल्यामुळे बघायचं कुठे ते तिला कळेना, म्हणून ती सरळ टीव्हीतल्या त्या पोरीच्या डोळ्यांत बघत राहिली.

"पडली न्हाई ती," ती म्हणाली. "माझ्या लेकानं मारलंय. मी रतनबाई, त्याची आई. लिहून घ्या."