सातव्या व्हॉल्व्हचं कोरं पान

«पहिला व्हॉल्व्ह, दवाखान्यामागचा. डावीकडे अकरा फेरे फिरवले की पूर्ण उघडतो. नवव्या फेऱ्याला कण्हतो. घाबरू नये, त्याचा स्वभावच तसा आहे.»

हे वहीतलं. वही चावीताईची. ती ज्याच्यासाठी लिहिली जात होती, त्या माणसाची अजून नेमणूकही झाली नव्हती. पण होणार, आणि ती चावीताईच्या जागेवर होणार, हे अख्ख्या पाणीखात्यात सगळे धरून चालले होते.

गोष्ट इथून सुरू करू. नको, थोडी मागून.

एकोणीस वर्षांपूर्वी चावीताई राखीव जागेवर लागली. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, चेंबरमध्ये उतरायचं, कमरेएवढी चावी व्हॉल्व्हवर बसवून फिरवायची, की वस्तीला पाणी. मग गेल्या वर्षी कोर्टाचा निकाल लागला. तिची जात आरक्षणाच्या यादीत बसत नाही, म्हणून यादीतून काढली. मागोमाग नोटीस आली: या जागांवर लागलेल्या चौदाजणांनी, आपल्याला कामावरून कमी का करू नये, याचा खुलासा करावा. चौदांत ती, आणि टेकडीवरच्या टाकीवर असणारे मामा. मामांच्या निवृत्तीला सव्वा वर्ष उरलं होतं.

“खुलासा काय करू?” ती नवऱ्याला म्हणाली. “मी होते तीच आहे. यादी त्यांनी बदलली.”

नवरा शिलाई मशीनवर. दातात दोरा. “तसंच लिही. खाली लिही, नवऱ्याच्या शिलाईवर घर चालत नाही. खात्री करायची असेल तर चहाला या. बिनसाखरेच्या.”

तिने खुलासा दिला आणि त्याच संध्याकाळी वही काढली.

«चौथा, शाळेजवळचा. झाकणाखाली मुंग्या. आधी झाकणावर दोनदा पाय आपटावा, त्यांना कळतं.»

“वा!” नवरा म्हणाला. “ते तुला काढायला निघालेत आणि तू त्यांचीच शिकवणी घेतेस.”

“त्यांची कुठे? पाणी लोकांना जातं.”

पण सातव्या पानाशी तिचं घोडं अडलं. सातवा व्हॉल्व्ह उलट्या आट्यांचा होता. जगातले व्हॉल्व्ह डावीकडे उघडतात, हा उजवीकडे. बसवणाऱ्याने तो कुठून पैदा केला, कोण जाणे. रजेवर तिच्या जागी येणारे भले भले गडी तो डावीकडे आवळत बसायचे, घामाघूम व्हायचे आणि म्हणायचे, “जाम झालाय. तो ताईच्याच हाताला वश आहे.” चावीताई काही बोलायची नाही.

सातव्या पानावर तिने आकडा घातला आणि पान कोरं सोडलं. एवढं एक तरी माझ्यापाशी राहू दे.

(तिला याची लाज वाटली. तरी पान कोरंच राहिलं.)

आता ठोक्यांचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. चेंबरमध्ये फोन लागत नाही. म्हणून टाकीवरून मामा मुख्य पाइपवर पान्याने ठोके मारतात, आणि खाली चावीताई लाकडी दांड्याचं एक टोक पाइपला, दुसरं कानाला लावून ऐकते. तीन ठोके: पाणी सोडलं. दोन: थांब. ठोके थांबलेच नाहीत, तर: लाइन फुटली, सगळं बंद कर.

मंगळवार. सकाळचे पावणेनऊ. ती सातव्याच्या चेंबरमध्ये. दांडा कानाला.

ठण ठण ठण ठण ठण ठण ठण

थांबेचना. चावीताईच्या तोंडचं पाणी पळालं. सातवा बंद. वर. दहा किलोची चावी सायकलला. सहावा बंद. पाचवा. चौथ्याला पाय आपटायचेही राहिले, मुंग्या चावल्या. पिशवीत फोन वाजत होता, पण चढावर सायकल रेटणाऱ्या बाईने तो घ्यायचा कुठल्या हाताने? तिसरा, दुसरा, कण्हणारा पहिला. पंचवीस मिनिटांत सगळं गाव कोरडं. ऐन अंघोळीच्या वेळी.

पहिल्या चेंबरपाशी तिला श्वास लागला होता, तेव्हा फोन पुन्हा वाजला.

“मामा, कुठे फुटली?”

“काय फुटली?”

“लाइन!”

“लाइन कशाला फुटेल? अगं पोरी, आपण नोकरीत राहिलो! ऑर्डर आली! तुला पाठवलीय बघ!”

“मग ते ठोके?”

टेकडीवर मामा खाकरले.

“आनंदाने मारले गं. हातात पाना होता.”

तोवर गल्लीत बादल्या जमल्या होत्या. “अहो ताई, ही काय वेळ झाली?” “माझा कुकर अर्धा भरलाय!” आणि त्या गर्दीतून टॉवेल गुंडाळलेले, डोक्यापासून छातीपर्यंत फेसाने माखलेले एक गृहस्थ, शेजाऱ्याच्या स्कूटरवरून उतरून, चाचपडत पुढे आले. पाणीखात्याचे हेडक्लार्क. चौदा नोटिसा यांच्याच हातच्या.

“चावीताई! हा काय पोरखेळ आहे?”

तिने फोन त्यांच्यापुढे धरला. “भाऊसाहेब, हे वाचा.”

“डोळ्यांत साबण गेलाय माझ्या!”

“नोटीस टाइप करताना तरी कुठे उघडे होते?”

बादल्या हसल्या. चावीताईने पिशवीतली पाण्याची बाटली काढून त्यांच्या ओंजळीत ओतली. भाऊसाहेबांनी डोळे धुतले आणि भर रस्त्यात, टॉवेल एका हाताने धरून, कचेरीच्या आवाजात वाचलं:

“...जात यादीतून वगळण्यापूर्वी नेमणूक झालेल्या कर्मचाऱ्यांच्या सेवेस संरक्षण देण्यात येत असून, केवळ या कारणास्तव त्यांना सेवेतून कमी करण्यात येऊ नये. यापुढे त्यांची गणना खुल्या प्रवर्गात करावी.”

“मराठीत सांगा.”

“म्हणजे, यादीचा फायदा इथून पुढे नाही. तुम्हाला नाही, लेकीलाही नाही. पण आहे ती नोकरी तुमची.”

“लेक बघेल तिचं, खमकी आहे. माझी जागा?”

“तुमचीच.”

“मामांची?”

“चौदाच्या चौदा.” भाऊसाहेबांनी कानातला फेस काढला. “बरं झालं. खरंच सांगतो. नोटिसा टाइप केल्या त्या दिवशी मला जेवण गेलं नव्हतं.”

चावीताई झाकणावर बसली आणि हसायला लागली. थांबेचना. पायाला मुंग्यांचे चावे, डोळ्यांत पाणी, आणि हसू.

“बाई,” वरच्या गॅलरीतून आवाज आला, “हसून झालं की आमचं पाणी!”

तिने एकेक व्हॉल्व्ह उघडला. सातव्याशी भाऊसाहेब हजर. त्यांचं घर याच्याच पाण्यावर. वाळलेला साबण आता खाजत होता. “द्या इकडे, मी फिरवतो,” म्हणून त्यांनी चावी धरली आणि डावीकडे जोर लावला.

चावीताईने चावीवर हात ठेवला. म्हणाली, “उजवीकडे फिरवा.”

“उजवीकडे तर बंद होतो ना?”

“हा नाही होत.”

चावी लोण्यासारखी फिरली. पाइपात गुरगुर झाली, आणि गल्लीतल्या बादल्यांना आवाज फुटला. भाऊसाहेब आपल्या हातांकडे बघत राहिले. “एवढंच होतं?”

“एवढंच.”

दुपारी, मशीनच्या टकटकीत, तिने वही उघडली.

«सातवा, हेडक्लार्कांच्या गल्लीतला. उलट्या आट्यांचा. उजवीकडे तेरा फेरे. जोर लावू नये. कळलं नाही तर विचारावं, मी इथेच आहे.»