बाहीचं माप राहिलंय

गुरुवारी दुपारी आईचा फोन आला तेव्हा लेक ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत उभ्या उभ्या डबा खात होती. आईनं हॅलोबिलो काही म्हटलं नाही. फोनवर एकदम मुद्द्यावर यायचं, ही तिची जुनी सवय. गिऱ्हाइकांशीही ती अशीच बोलायची.

"तो चालत नाहीये."

"कोण? बाबा?"

"बाबा चालतायत. चांगले बागेपर्यंत चालून आले, आता पेपर तोंडावर घेऊन झोपलेत. माझा प्रोग्रॅम चालत नाहीये."

आई शिवणकाम करायची. कोट, गणवेश, कधी नाटकवाल्यांचे पोशाख. निम्मं आयुष्य तिनं टेबलावर ओणवं होऊन खडूनं आणि पट्टीनं पॅटर्न काढले. मग खांदा बोलायला लागला, तेव्हा लेकीनं कॉम्प्युटर आणून त्यात हा प्रोग्रॅम घातला. मापं भरायची, पॅटर्न पडद्यावर उमटायचा, कागदांवर छापून घ्यायचा, कागद एकमेकांना चिकटवायचे आणि कापडावर ठेवून कात्री चालवायची. प्रोग्रॅम करणाऱ्या कंपनीनं केव्हाच गाशा गुंडाळला होता. कॉम्प्युटर बदलला, विंडोज बदललं, की लेक प्रत्येक वेळी त्याला हाताला धरून नव्या घरात नेऊन बसवायची. ग्रंथालयातले कॉम्प्युटर तिच्याच अंगावर असत, त्यामुळे आईच्या लेखी ती इंजिनियर होती.

"चित्रावर उजवं बटण दाब," लेक म्हणाली.

"माझं उजवं की त्याचं?"

"आई, माऊस तुझ्या हातात आहे. तो काही तुझ्याकडे तोंड करून बसलेला नाही."

"बरं, दाबलं. ही लांबलचक यादी आली."

"त्यात अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, असं असेल."

"आहे. आता मला विचारतोय, परवानगी देता का. माझ्याच घरात."

"दे."

"दिली." मग तिनं खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला. "काही नाही. खालच्या पट्टीवर त्याचं चित्र उमटतं, कॉम्प्युटरचा डबा जरा घुरघुरतो. आत काहीतरी करतोय गं तो. बाहेर तेवढा येत नाही. लहानपणी तू रुसून खोलीत जाऊन बसायचीस, तसं चाललंय त्याचं."

"बंद करून परत चालू कर."

"ते करून झालं. तुला दुसरं औषध शिकवलंच नाहीये का कोणी?"

लेक हसली. हसता हसता तिनं घड्याळाकडे पाहिलं.

"तुझ्याच कोटाचं अडलंय," आई म्हणाली. "पुढचे भाग कापले, पाठ कापली. बाही राहिलीय. तू ये. माप घेते."

"माप आहे की त्यात. मागच्या कोटाचं."

"बाही मी जुन्या मापावर कापत नाही. तुला माहितीये."

"आता या वयात माझे हात लांब होणार आहेत का?"

"हात नाही होत. माणूस वाकतं. आणि तू तर दिवसभर पुस्तकांत मान घालून. ये तू."

"रविवारी येते. प्रोग्रॅमही बघते."

"बरं. जेवलीस?"

"जेवतेय."

"उभ्यानं?"

"नाही, बसून," लेक म्हणाली, आणि मग निदान पुढचं तरी खरं व्हावं म्हणून स्टुलावर बसली.

शुक्रवारी सकाळी आई गेली. तिनं दूध तापत ठेवलं होतं. बाबा आंघोळ करून आले तोवर दूध उतू गेलेलं, आणि आई ओट्याला पाठ टेकून खाली बसलेली. डॉक्टरांनी हृदय म्हटलं. रविवारी लेक घरात होती, कबूल केल्याप्रमाणे. पण घर माणसांनी भरलेलं होतं आणि शिवणाच्या खोलीचं दार ओढून घेतलेलं होतं.

माणसं हळूहळू पांगली. लेकीनं रजा वाढवली. बाबा रोज सकाळी दूध तापवायला ठेवायचे आणि ते खाली उतरवेपर्यंत तिथून हलायचे नाहीत. दोघं एकमेकांना जेवायला वाढायची. बोलायला विषय निघाला की दोघंही त्याला वळसा घालून पुढे जायची.

एके दिवशी काजेवाली मावशी आली. आईच्या सगळ्या कोटांची काजं तिच्या हातची. दोघींची वर्षानुवर्षांची भांडणं होती आणि तितक्याच वर्षांचा चहा. ती सरळ शिवणाच्या खोलीत गेली. टेबलावर गडद निळं लोकरी कापड कापून ठेवलेलं होतं, कडेनं खडूच्या रेघा. तिनं त्यावरून हात फिरवला.

"हा तुझा ना गं?"

"हो."

"बाह्या नाहीत."

"राहिल्या."

"मग असं कर. बाहीचा पॅटर्न मला काढून दे, बाकी मी शिवते. उरलेलं कापड आहे तेवढ्यात बसेल. मी अंदाजानं कापली असती, पण तिच्या मुंढ्याला माझी अंदाजाची बाही लावली तर वरून कात्री फेकून मारेल मला."

लेकीला बऱ्याच दिवसांनी हसू आलं.

"आणि लवकर काढ," मावशी म्हणाली. "अर्धवट कापलेलं कापड घरात पडून राहिलं की ते तसंच राहतं. मी पाहिलेत असे कोट."

मावशी गेल्यावर लेकीनं कॉम्प्युटर चालू केला. प्रोग्रॅमच्या चित्रावर दोनदा टिचकी मारली. खालच्या पट्टीवर त्याचं चित्र उमटलं, डबा घुरघुरला आणि सगळं शांत झालं. पडद्यावर नुसती आईनं लावलेली निळी भिंत, आणि तिच्यावर भरतकामाच्या टाक्यांसारख्या ओळीत मांडलेल्या फायली.

मग तिनं रीतीप्रमाणे एकेक करून पाहायला घेतलं. जुने प्रोग्रॅम नव्या विंडोजमध्ये बुजतात. त्यांच्यासाठी विंडोज जुन्या विंडोजचं सोंग घेऊ शकतं. तिनं तेही घ्यायला लावलं, आधीचं, त्याच्या आधीचं, त्याच्याही आधीचं. म्हाताऱ्या माणसाला बरं वाटावं म्हणून घरातल्या सगळ्यांनी जुने कपडे घालून फिरावं, तसलाच प्रकार. उपयोग शून्य. अँटिव्हायरसनं त्याला चोर समजून कुठे कोंडून ठेवलंय का, ते पाहिलं. नव्हतं कोंडलं. मग कपाटातून मूळ सीडी शोधून काढली. तिच्या डबीवर खडूच्या बोटाचा ठसा होता, तो पुसला जाणार नाही अशा बेतानं डबी उघडली आणि प्रोग्रॅम काढून पुन्हा घातला. फायली आणि आईनं लावून ठेवलेली सेटिंग्ज तेवढी जपली. पुन्हा टिचकी, पुन्हा घुरघुर, पुन्हा शांत.

चूक अमुक, असं एखादं वाक्य जरी पडद्यावर आलं असतं तरी चाललं असतं. वाक्य हाती आलं की ते घेऊन चार ठिकाणी विचारता येतं. इथे काही चुकलंय असंच कोणी म्हणत नव्हतं.

खोलीत आईचा वास होता, इस्त्रीच्या वाफेचा आणि मशीनच्या तेलाचा. दाराच्या खिळ्यावर टेप लोंबत होता.

आई जवळ घेणाऱ्यांतली नव्हती. परीक्षेत पहिली आली तेव्हा तिनं लेकीच्या डोक्यावर नुसती टपली मारली होती. लेक घर सोडून नोकरीला निघाली तेव्हा बॅगेची चेन एकदा ओढून पाहिली होती. पण वर्षातून एकदा ती खिळ्यावरचा टेप काढायची, तोंडात टाचण्या धरायची आणि लेकीला उजेडात उभी करायची. मानेच्या मणक्यावर तिचा थंडगार अंगठा टेकायचा. तिथून टेप खांद्यावरून उतरायचा, कोपराला वळसा घालून मनगटाशी थांबायचा. टाचण्यांच्या आडून आई म्हणायची, "कमरेवर हात ठेव. भांडायला उभी राहिल्यासारखी." कोपर दुमडल्याशिवाय बाहीचं माप खरं नाही, असं तिचं म्हणणं. तिनं तो अंगठा दर वेळी गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ टेकवून ठेवला. लेक दर वेळी म्हणाली, "आटप ना, आई." आणि आई सोडेपर्यंत जागची हलली नाही.

लेकीनं माऊसवरचा हात काढला नव्हता. बाण सरकत सरकत खालच्या पट्टीवरच्या त्या चित्रावर येऊन थांबला होता. चित्राच्या वर, काडेपेटीएवढी एक चौकट उघडली. लेकीनं चष्मा वर सारून डोळे जवळ नेले. चौकटीत करड्या जमिनीवर पांढऱ्या रेघा होत्या. एक पाठ. दोन पुढचे भाग. मुंढ्याची गोलाई.

तिनं त्यावर टिचकी मारली. चौकट मिटली. पडद्यावर काही आलं नाही.

मग ती खुर्चीत मागे टेकली आणि पहिल्यांदा टेबल नीट पाहिलं. उजव्या हाताला इस्त्रीची घडवंची लावलेली होती, तिच्यावर अस्तराची घडी. ही घडवंची भिंतीशी असायची. आणि इथे तर...

"बाबा," तिनं हाक मारली. "इथे दुसरा स्क्रीन होता ना? मी आणून दिलेला?"

बाबा दारात आले. हातात दुधाचं फडकं तसंच.

"तो होय. तो माळ्यावर टाकलाय मी. लुकलुकायला लागला होता. तुझ्या आईचं डोकं दुखायचं. म्हणाली, काढा तो एकदाचा, मला इस्त्रीला जागा होईल."

"कधी?"

"त्या बुधवारी. झोपायच्या आधी. का गं? काढायला नको होता का?"

"तसं काही नाही, बाबा. बरं केलंत. डोकं दुखत होतं ना तिचं."

आईनं हा प्रोग्रॅम नेहमी उजव्या पडद्यावर ठेवला. डावीकडे गिऱ्हाइकांची मापं, उजवीकडे पॅटर्न. आणि जुन्या प्रोग्रॅमची खोड अशी, की तो जिथे मिटला तिथेच, शेवटच्या फाइलीसकट, उघडतो. त्याला कोणी सांगितलं नव्हतं की तिथे आता इस्त्रीची घडवंची आहे. गुरुवारीही तो उघडला होता. आईनं परवानगी दिली तेव्हा उघडला होता, आज दिवसभर दर टिचकीला निमूट उघडला होता, नसलेल्या पडद्यावर.

अशी हरवलेली खिडकी ओढून आणायला दोन-तीन बटणं पुरतात. ग्रंथालयात टंकलेखक बाईंना लेकीनं ती कागदावर लिहूनसुद्धा दिली होती. पण ती उठली आणि म्हणाली, "स्टूल धरा जरा, माळ्यावर चढते."

"तू कशाला? मी चढतो."

"तुम्ही पडलात तर मला दोघांना दुरुस्त करावं लागेल, प्रोग्रॅमला आणि तुम्हाला."

बाबांनी स्टूल धरलं. स्क्रीन चादरीत गुंडाळून, गाठ मारून ठेवलेला होता. गाठ बाबांची होती, न सुटणारी. दोघांनी मिळून ती सोडवली, घडवंची सरकवली, वायर जोडली. पडदा आधी काळा राहिला, मग लुकलुकला, मग स्थिरावला. आणि तिथे तो होता. करड्या जमिनीवर पांढरा कोट, बाह्यांविना.

डाव्या कडेला मापांची घरं होती. छाती, खांदा, पाठ, उंची, सगळी भरलेली. बाहीच्या घरात फक्त कर्सर उघडझाप करत होता.

मागच्या कोटाची फाइल शेजारीच होती. तिच्यातला आकडा उचलून इथे टाकला असता तर बाही तयार होती. लेकीनं फाइल उघडली, आकडा पाहिला आणि फाइल मिटली. उठून खिळ्यावरचा टेप काढला.

"बाबा, माझं माप घ्याल?"

बाबांनी टेपकडे पाहिलं. आयुष्यभर बसडेपोत गाड्यांच्या वेळा मांडल्या त्यांनी. टेपला कधी हात लावला नव्हता. लावायची परवानगीही नव्हती. फडकं खांद्यावर टाकून त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला.

"उलटा धरलाय, बाबा."

"मग तू सांग कसं ते."

"मानेपासून. मणका लागतोय बघा, तिथून."

त्यांचा अंगठा गरम होता. तो मणका शोधत आधी खाली गेला, मग वर आला, मग टेकला. टेप खांद्यावरून उतरला. कोपरापाशी येऊन त्यांचा हात अडला.

"कमरेवर हात ठेव," ते म्हणाले. "काय ते म्हणायची ती... भांडायला उभी राहिल्यासारखी."

"तुम्हाला कसं माहीत?"

"अगं, पलीकडच्या खोलीतच असायचो की मी. पेपर तोंडावर असला म्हणून काय कान झाकले जातात?"

तिनं कमरेवर हात ठेवला. बाबांनी टेप मनगटापर्यंत आणला, चष्म्याखालून वाकून पाहिलं आणि आकडा सांगितला. मागच्या मापापेक्षा तो पाऊण इंचानं मोठा होता.

"पाऊण इंच वाढलंय," लेक म्हणाली.

"वाकलीस," बाबा म्हणाले.

तिनं मोकळ्या हातानं बटणं दाबून आकडा भरला. पडदा एकदा लुकलुकला आणि कोटाच्या शेजारी पांढऱ्या रेघेनं बाही काढायला सुरुवात झाली, मुंढ्याच्या गोलाईपासून खाली, कोपराशी किंचित वळून. बाबांनी टेप गुंडाळायला घेतला.

"राहू द्या जरा," ती म्हणाली. "मानेवरचा."

ते थांबले. अंगठा परत होता तिथे टेकला. खोलीत मशीन होतं, कापड होतं, रेघ खाली उतरत होती. लेक त्या लुकलुकणाऱ्या पडद्याकडे बघत बोलली, आणि आवाज नेहमीचाच निघाला, फोनवरचा.

"आई, मला तू माप घेतलेलं आवडायचं. आटप ना म्हणायचे, तेव्हाही आवडायचं. तू हात काढू नयेस असं वाटायचं. गुरुवारीसुद्धा यायचं होतं मला."