शेवटी नावं येतात

मनाली सातव्यांदा मेली तेव्हा तिच्या बापाने, डोमा मेश्रामने, कपाळावर हात मारून घेतला.

"काहून मरून राहिली व तू? तुहाच तं गेम हाय ना?"

तिचाच होता, म्हणून तर ती इतकी चिडली होती. शनिवारची दुपार, चिखला या खाणीच्या गावातलं दोन खोल्यांचं घर, आणि पलंगावर तिचा जुना लॅपटॉप. पडद्यावर चौकोनी ठिपक्यांचा एक माणूस होता. डोक्यावर हेल्मेट, कपाळाला दिवा, हातात ड्रिल मशीन. तो फळ्याफळ्यांवर उड्या मारत खाणीत खाली उतरतो, ड्रिलने गोळ्या झाडतो, वटवाघळं पाडतो, पुढे जातो. पूर्वी टीव्हीला कॅसेट लावून खेळायचे त्या जातीचा गेम, फक्त आता नव्याने, हौसेने केलेला. त्यातला ठिपका न् ठिपका मनालीने रंगवला होता. सहाच्या सहा पातळ्या तिने वहीत आखल्या होत्या, आणि त्या आखताना बाप शेजारी बसून सांगत होता की शिडी कुठे असते, पाणी कुठून झिरपतं, ट्रॉली कुठे वळते.

आणि आता तिच्याच खाणीत तिच्याच डोक्यावर छत कोसळत होतं.

खाणीत नव्या जागी पाऊल टाकण्याआधी लोखंडी सळाखीने छत ठोकून पाहतात. टण्ण वाजलं तर दगड पक्का. भद्द वाजलं तर वर पोकळी आहे, निमूट मागे व्हायचं. डोमाने एकतीस वर्षं हे केलं आणि धडधाकट निवृत्त झाला. गेममध्येही तसंच होतं: आधी ठोकायचं, आवाज ऐकायचा, मग पुढे. ते दोन्ही आवाज मनालीने अंगणात बापाच्या हातून ठोकवून मोबाइलवर घेतले होते. गल्लीतली कुत्री भुंकू नयेत म्हणून डोमाने त्यांना आधी भाकरी घातली होती.

आठव्यांदा तिने सळाख ठोकली. टण्ण. ती पुढे गेली आणि छत खाली आलं.

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. गेमचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या अतुलने आवाज उलटे लावले होते.

"हे खोटं हाय!" डोमा ताडकन उठून उभा राहिला. "टण्ण वाजलं म्हणजे पक्कं! हे कोणं केलं?"

"अतुलनं."

"तो कधी खाली उतरला होता काय?"

"तो तुमसरचा आहे, बाबा. त्यानं खाणीचं फाटकही धड पाहिलं नाही."

"मंग एक फोन नाई करता येत होता त्याले?"

करता आला असता. पण फोन करायचा तर विचारायचं कोणाला हे कबूल करावं लागलं असतं, आणि अतुलला नेमकं तेच नको होतं. त्याला टण्ण म्हणजे धोक्याची घंटा वाटली असणार. एसीत बसून खाण चालवणाऱ्याला दुसरं काय वाटणार!

अतुल तिचा भंडाऱ्याच्या कॉलेजातला वर्गमित्र. तिला चित्रं यायची, त्याला प्रोग्रॅम लिहिता यायचा. कॉलेज संपल्यावर दोन वर्षं दोघं या गेमवर घासत होती. मनाली तुमसरला टायपिंगच्या क्लासात शिकवायची आणि घरी येऊन ठिपके भरायची. गेम विकायला ठेवायची वेळ आली तेव्हा अतुल म्हणाला, "खातं एकाच्याच नावानं उघडावं लागते यार. माझ्या नावानं उघडतो, आतमध्ये दोघांचं नाव टाकू." ती हो म्हणाली. कागद नाही, सही नाही, काही नाही. मित्राकडे कोण सही मागतं? तिने मागायला हवी होती, हे आता तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

मग अतुल पुण्याला गेला. गेम आला, थोडा गाजलाही. एका मुलाखतीत तो हसत हसत सांगत होता की ही खाण त्याला स्वप्नात दिसली. मनालीने तो व्हिडिओ तीनदा पाहिला, आपलं ऐकण्यात काही चुकतंय का म्हणून. काही चुकत नव्हतं. तिने त्याला रागाने लांबलचक मेसेज केला. त्याचं उत्तर दोन ओळींचं आलं: "आधी पूर्ण खेळ तर. शेवटी नावं येतात, तुझं पण आहे."

त्या दोन ओळींवर ती आठवडाभर जगत होती. नाव असेल तर सगळं माफ. मुलाखतीत माणूस बोलतो काहीबाही, पण नाव लिहिलेलं असलं की असलं. चित्रं: मनाली मेश्राम. एवढंच हवं होतं तिला. पैशाचं तिने मनातसुद्धा आणलं नव्हतं. गेम शेवटपर्यंत खेळून कोणी व्हिडिओ टाकला असता तर तिचे कष्ट वाचले असते, पण तो कोणी टाकला नव्हता, कारण शेवटची पातळी भयंकर अवघड होती. ती तशी अवघड करायचा हट्ट मनालीचाच.

मग तिने बापाचं शिकवलेलं सगळं उलटं केलं. भद्द वाजलं की पुढे, टण्ण वाजलं की मागे. दर वेळी तिचं बोट कचरायचं. डोमा तर बघेनाच. भद्द असा आवाज आला की तो डोळे मिटून घ्यायचा आणि म्हणायचा, "नको जाऊ व माय, नको जाऊ." छत जागच्या जागी राहायचं, आणि त्याचाच त्याला जास्त राग यायचा.

संध्याकाळपर्यंत पाच पातळ्या झाल्या.

रविवारी सकाळी डोमा विहारात गेला. जाताना दारातून म्हणाला, "आज नाव येते म्हणतं ना? सांगून देतो सगळ्याईले." ती नको नको म्हणेपर्यंत तो वळणावर पोचला होता.

शेवटच्या पातळीत क्रशर होता, दगड फोडणारं भलंमोठं मशीन. मनालीने त्याला दात रंगवले होते, अगदी मन लावून. तीन वार, उडी, दोन वार, मागे. सव्वा तास ती मरत होती आणि उठत होती. शेवटी क्रशर फुटला, पडदा पांढरा झाला, मग काळा, आणि त्यावर इंग्रजी अक्षरं वर सरकू लागली.

कल्पना, अतुल. प्रोग्रॅम, अतुल. चित्रं, अतुल. पातळ्यांची रचना, अतुल. आवाज, अतुल.

आवाजसुद्धा! माझ्या बापाचा हात आहे तो, ती मोठ्याने म्हणाली. घरात ऐकायला कोणी नव्हतं.

मग आली आभारांची यादी. आई-पप्पा. पुण्यातला रूममेट. रूममेटचं मांजर, नावासकट. आणि मांजराच्या खाली: मनाली, चहासाठी आणि धीर दिल्याबद्दल.

पडदा पुन्हा पहिल्या पानावर आला. नाव नसतं तर भांडता आलं असतं, चार लोकांत त्याचे वाभाडे काढता आले असते. नाव देऊन त्याने तिच्या तोंडाला पानं पुसली होती. आता कोणीही म्हणालं असतं, आहे की तुझं नाव! दोन वर्षं तिने डोळे फोडून घेतले, आणि तिच्या नावावर काय लागलं, तर चहा.

तेवढ्यात अंगणात चपला वाजल्या. डोमा आला होता, आणि मागे शेजारच्या ललिताबाई आणि त्यांची बी.ए.ला असलेली तृप्ती.

"झालं काय व? आलं नाव?"

"आलं, बाबा." हे खोटं नव्हतं.

"पाहा! म्हणलं नव्हतं मी?" डोमाचा चेहरा असा फुलला की तिला त्याच्याकडे बघवेना. "दाखव यांईले. तृप्ती इंग्रजी वाचून दाखवते सगळ्याईले."

"ते एकदाच येतं, बाबा. पुन्हा पाहायचं तर शेवटची पातळी पुन्हा जिंकावी लागते."

"तं जिंक ना मंग. सकाळी जिंकलीच ना?"

ललिताबाई पलंगाच्या कडेवर बसल्या. तृप्ती पडद्याजवळ सरकली. आता मनालीला त्या मशीनचा दात न् दात पाठ होता, दोन मिनिटांत तिने त्याचा भुगा केला असता. आणि मग तृप्तीने खणखणीत आवाजात वाचलं असतं, आधी मांजराचं नाव आणि मग तिचं.

तीन वार, उडी. दोन वार. मागे जायच्या वेळी मनालीने बोट उचललं. क्रशरने ठिपक्यांचा माणूस चावून टाकला.

"अरे बाप्पा," ललिताबाई म्हणाल्या.

दुसऱ्यांदा ती उडीच उशिरा मारून मेली. तिसऱ्यांदा सरळ मशीनच्या तोंडात गेली. चौथ्यांदा, पाचव्यांदा. मरणं खरं वाटावं म्हणून ती मध्ये चुकचुकतही होती. डोमा आधी हसला, मग पाहुण्यांकडे बघून म्हणाला, "सकाळी जमलं होतं तिले."

"जाऊ द्या ना डोमाभाऊ," ललिताबाई उठल्या. "पोरीच्या जातीले नाई जमत हे. त्या तुमसरच्या पोराचंच काम हाय ते. पण हुशार हाय हो तुमची पोरगी, क्लासमधी शिकवते."

त्या गेल्या. डोमा दारात पाठमोरा उभा राहिला. बोलला तेव्हा त्याचा आवाज खाली आला होता.

"मना, खरं सांगशीन? मी आज विहारात समद्यासमोर सांगतलं म्हणून विचारून राहिलो. वहीत तू माह्यासमोर आखलं, पण हा गेम तूच बनवला ना व?"

आयुष्यात पहिल्यांदा त्याने तिला असं विचारलं होतं. हो म्हणावं, तर तो म्हणाला असता, मग दाखव.

"अतुलनं बनवला, बाबा," मनाली म्हणाली. "मी थोडी मदत केली होती."

डोमाने मान हलवली. आत येऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"असं सांगाव ना मंग आधी," तो म्हणाला. "मदत केली, हे बी काई कमी नाई."